विचारा गॅरेजला : ब्रेक ऑइलच्या डब्याखाली ओल

पावसाळाभर बॉनेट कोणी उघडत नाही, आणि मग दिवाळीला गावी निघायचं म्हटलं की हवा, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं एकदम आठवतं. त्यामुळे या वेळी ब्रेक ऑइलच्या डब्याची एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत, एसीवाल्यांनी रागावू नये. पत्रं थोडी छाटून देतोय. नावं गाळलीत, गॅरेजांची तर मुद्दामच, इथे कोणाची भांडणं लावायची नाहीयेत.

प्रश्न (नाशिक) : काका, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, दहा वर्षं झाली, रनिंग लाखाच्या वर. ड्रायव्हरच्या बाजूला मागे तो ब्रेक ऑइलचा पांढरट डबा असतो ना, त्याच्या खाली सगळं ओलसर असतं, पुसलं की आठ-दहा दिवसांत परत तसंच. ब्रेक मात्र एकदम ओके, पॅडल कडक. एक गॅरेजवाला म्हणतो पूर्ण मास्टर सिलिंडर बदला, दुसरा म्हणतो एवढ्यातेवढ्याने काही होत नाही, बिनधास्त चालवा. कोणाचं ऐकू?

उत्तर : आत्ता तरी दोघांचंही नको. ओल आहे एवढंच कळलंय, ती येते कुठून हे अजून कोणी बघितलेलंच नाही. ते न बघता बदला म्हणणारा आणि चालवा म्हणणारा, दोघेही अंदाजपंचे बोलतायत.

आधी ते ब्रेक ऑइलच आहे का ते बघा, कारण वरून इंजिन ऑइल उडालेलं असतं, कधी काच धुवायचं पाणी सांडलेलं असतं. कापसाच्या काडीने ओल टिपा आणि टाकाऊ ग्लासात पाणी घेऊन त्यात ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, कारण ते खनिज तेल नसतं, ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. इंजिन ऑइल किंवा ग्रीस असेल तर वर तवंग येतो. चव बिव घेऊन बघू नका, विषारी असतं (हे लिहावं लागतंय कारण एका पत्रात तेही केलेलं आहे). दुसरी खूण म्हणजे रंग. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, त्यामुळे डब्याच्या खाली पत्र्याचा रंग फुगलाय, सोलला गेलाय असं दिसलं तर शंका ठेवू नका.

आता हा प्रकार बसवलेला कसा असतो ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मास्टर सिलिंडर म्हणजे खालचं आडवं धातूचं नळकांडं. त्याच्या डोक्यावर दोन भोकं, डब्याच्या बुडाला दोन तोंडं, आणि मधे दोन जाड रबरी रिंगा, त्याला गॅरेजात कोणी ग्रोमेट म्हणतं, कोणी नुसतं डब्याचं रबर. दोन-दोन अशासाठी की ब्रेकच्या लाइनी दोन वेगवेगळ्या असतात, एक फुटली तरी दुसरी शिल्लक राहावी म्हणून. डब्यात प्रेशर अजिबात नसतं. ऑइल आपल्या वजनाने खाली उतरतं आणि प्रेशर तयार होतं ते सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या पुढे. म्हणून डब्याच्या रबरातून झिरपत असलं तरी पॅडल कडकच लागणार, माठाच्या तोटीचं वॉशर सुकलं की बुडाशी ओल येते पण तोटी सोडली की पाणी नेहमीसारखंच येतं, तसं. तेव्हा पॅडल कडक आहे यावरून झिरपणं किरकोळ आहे असं काही ठरत नाही, पातळी खाली जात राहिली की एक दिवस त्याच तोंडातून हवा आत जाणार.

शोधायचं कसं? इंजिन गार असताना, गाडी सपाटीला लावून, झाकण बंद ठेवून डबा, सिलिंडर, आजूबाजूचे पाइप सगळं ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने चकचकीत पुसा. डब्यावर बाहेरून पातळीला मार्करने रेघ मारा. मग घरातली टाल्कम पावडर हलकीशी भुरभुरवा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. नंतर टॉर्च घेऊन बघा, जिथून ओल सुरू होते तिथून पावडर भिजत खाली गेलेली असते. नेहमी वरून खाली बघत यायचं, कारण ऑइल खाली ओघळतं आणि सगळ्यात ओली जागा ही गळणारी जागा असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच.

झाकणाजवळ पावडर भिजली असेल तर पहिला प्रश्न, मागच्या काही महिन्यांत नवीन डिस्क पॅड टाकले का? हे इतकं कॉमन आहे की मी सगळ्यात आधी हेच विचारतो. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे (चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागे ऑइल भरत जातं, त्यामुळे डब्यातली पातळी आपोआप उतरते, यात बिघाड काहीच नाही. पण मधल्या सर्व्हिसिंगला कोणीतरी पातळी कमी बघून मॅक्सपर्यंत टॉपअप करून ठेवतो, मग नवीन पॅड टाकताना पिस्टन परत आत दाबले की ते सगळं ऑइल उलट डब्यात येतं आणि झाकणातून बाहेर. झाकणाला हवेसाठी बारीकसं छिद्र किंवा खाच असते, पातळी खाली गेली तर आत हवा यायला पाहिजे ना, म्हणून मॅक्सच्या वर भरलेला डबा खड्ड्यात, वळणावर थोडं थोडं ओकत राहतो. इलाज म्हणजे सिरिंजने जास्तीचं काढून घ्या, झाकणाच्या आतलं रबर नीट घडीत बसलंय का बघा, झालं. यासाठी मास्टर सिलिंडर बदललेल्या गाड्या आहेत, काय बोलणार.

झाकण कोरडं आणि डब्याच्या अंगावर ओल असेल तर बारीक तडा असतो, बहुतेक दोन अर्धे चिकटवलेत त्या जोडावर, नाहीतर पातळी सांगणारा सेन्सर जिथे घुसवलाय तिथे. सेन्सरचा प्लग काढून बघा, आत ओलं असेल तर उत्तर मिळालं. एम-सील लावून हे थांबत नाही, चार दिवस थांबल्यासारखं वाटतं. डबा बदला.

डबा कोरडा, पण डबा आणि सिलिंडर जुळतात तिथे गोल ओल असेल तर ती दोन रबरं. दहा वर्षांच्या गाडीत माझा पहिला संशय यांच्यावरच, इंजिनच्या उष्णतेने कडक होतात, आणि बॅटरी काढताघालताना कोणी डब्यावर हात टेकला की हलतात. अख्ख्या सिलिंडरच्या मानाने रबराची जोडी किरकोळ किमतीत येते, फक्त काही मॉडेलला सुटी मिळत नाही, डब्यासोबतच घ्यावी लागते. काम असं की सिरिंजने डबा रिकामा करायचा, पिन किंवा क्लिप असेल ती काढायची, डबा सरळ वर ओढायचा, जुनी रबरं हाताने काढायची (स्क्रू ड्रायव्हरने उकरलं की सिलिंडरच्या भोकाला ओरखडा जातो आणि मग नवीन रबरही गळतं), नवीन रबरं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवायची आणि डबा दाबायचा. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, साबण नाही. डबा निघालेला असताना पॅडलला कोणी पाय लावायचा नाही, नाहीतर भोकातून ऑइल उडतं आणि हवा आत शिरते, मग चारही चाकांच्या ब्रेकच्या लाइनीतली हवा काढत बसा.

आणि हे सगळं कोरडं असून सिलिंडर जिथे त्या मोठ्या गोल बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारं भांडं) टेकतो तिथे खालच्या बाजूने ओल असेल, तर तुमचा पहिला गॅरेजवाला बरोबर. ते मागचं सील आहे, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिलंय. पाइपांचे नट ओले असतील तर मात्र काम अजिबात लांबवू नका, तिथे प्रेशर असतं.

तोपर्यंत चालवू का, तर रबराचं मंद झिरपणं असेल आणि पातळी रेघेवरच असेल तर गॅरेजपर्यंत, गावातल्या गावात ठीक. इगतपुरीच्या पुढे कसारा घाट उतरायचा बेत असेल तर आधी काम करून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर) : सात सीटर पेट्रोल गाडी. दर महिन्याला ब्रेक ऑइल बोटभर कमी होतं. खाली एक थेंब नाही, चारही चाकं बाहेरून कोरडी, डब्याखालीही काही नाही. सर्व्हिसवाले म्हणाले ब्रेक ऑइल थोडं थोडं वापरलं जातंच, टाकत जा. खरंच वापरलं जातं का?

उत्तर : नाही. वाक्य सगळ्या गॅरेजांच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे म्हणून परत लिहितो, ब्रेक ऑइल वापरलं जात नाही. बंद सिस्टिम आहे, पेट्रोलसारखं जळत नाही की कूलंटसारखं उडत नाही. पातळी खाली जायची दोनच कारणं, एक म्हणजे वर सांगितलं तसं पॅडचं झिजणं, आणि ते इतकं सावकाश होतं की हजारो किलोमीटरमध्ये कुठे मॅक्सवरून मिनकडे येतं. दुसरं गळती. महिन्याला बोटभर म्हणजे गळती, फक्त ती अशा जागी आहे जिथे कोणी वाकून बघत नाही. आणि दर महिन्याला टाकत राहिलात की धोका दाखवणारी एकमेव खूण तुम्ही स्वतःच पुसताय.

माझा पहिला संशय मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलवर. त्या सीलच्या पलीकडे बूस्टर असतो आणि पेट्रोल गाडीत बूस्टरला इंजिनच्या इनटेकमधून व्हॅक्यूम येतो. सील किंचित झिजलं की ऑइल बाहेर टपकायच्या ऐवजी बूस्टरमध्ये ओढलं जातं, आणि बाहेरून सगळं स्वच्छ. कधी कधी बूस्टरमध्ये भरपूर साठलं की व्हॅक्यूमच्या पाइपातून थेट इंजिनमध्ये जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, मग लोक हेड गॅस्केट उघडून बसतात. बघायचं सोपं आहे. सिलिंडर बूस्टरवर नटांनी बसवलेला असतो, ते नट काढून, पाइप न उघडता, पाइपांवर ताण न देता सिलिंडर थोडासा पुढे ओढायचा आणि मागे टॉर्च मारायचा. तिथे ओल, चिकट काळसर डाग, आत ऑइलचं तळं, काहीही दिसलं तरी निकाल लागला. बूस्टरमधलं ऑइल नळी घालून सिरिंजने काढून घ्या, नुसता सिलिंडर बदलून आतलं तळं तसंच ठेवलं तर बूस्टरच्या आतला पडदा खराब होतो आणि मग पॅडल दगडासारखं लागतं.

इथे किट (आतल्या रबरांचा संच) टाकायचं की पूर्ण सिलिंडर, यावर गॅरेजात नेहमी वाद. सिलिंडर उघडल्यावर आतला बोअर (पिस्टन सरकतो ती पोकळी) आरशासारखा असेल तर किट टाकायला हरकत नाही, पण बारीक खड्डे पडलेले असतील, आपल्याकडच्या दमट हवेत पडतातच, तर नवीन रबर त्या खड्ड्यांवर घासून थोड्या दिवसांत परत तेच. अॅल्युमिनियमचा बोअर असेल तर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करू देऊ नका, वरचा कडक थर निघून जातो. मी अशा वेळी सरळ पूर्ण सिलिंडर घ्या म्हणतो. मागच्या पत्रात महाग सल्ला अडवला आणि इथे तोच देतोय, कारण इथे काय बिघडलंय ते बघून झालंय.

बूस्टर कोरडा निघाला तर अजून दोन जागा. मागच्या ड्रमच्या आतला व्हील सिलिंडर, त्यावर रबरी टोपी असते, ती उचलून बघायला लागते, नुसतं बाहेरून चाक कोरडं बघून चालत नाही. आणि हायड्रॉलिक क्लच. बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळा डबा नसतो, ब्रेकच्याच डब्याच्या बाजूने एक नळी क्लचला जाते. तेव्हा गळतोय क्लच आणि कमी होतंय ब्रेक ऑइल असं होतं. क्लच पॅडलच्या वर, सिलिंडरचा दांडा पॅडलला जोडलाय तिथे हात लावून बघा, खाली कार्पेटही चाचपा. बनवणाऱ्यांनी थोडी अक्कल वापरलीय, ती नळी डब्याच्या तळाला नसते, जरा वर असते, त्यामुळे क्लचने कितीही गळवलं तरी ब्रेकचा वाटा खाली राहतो. पण म्हणून महिन्याचे महिने तसंच ठेवायचं नसतं.

प्रश्न (ठाणे) : सिग्नलला पाय दाबून धरला की पॅडल हळूहळू खाली जातं. ऑइल कमी नाही, ओल कुठेच नाही.

उत्तर : गाडी उभी करा. ऑइल बाहेर जात नाहीये, आतल्या आत सीलवरून मागे सरकतंय. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, पॅडल एकसारख्या जोराने दाबून धरा. पॅडल एका जागी थांबलं पाहिजे. सावकाश फ्लोअरकडे जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला, टॉपअपने काही होणार नाही. फक्त एक गैरसमज नको, इंजिन बंद असताना पॅडल दाबून धरलं आणि मग स्टार्ट मारला तर पॅडल थोडं खाली जातं, ते बूस्टर काम करतोय म्हणून, ते चांगलं लक्षण आहे.

प्रश्न (चिपळूण) : दादा, आंबा घाट उतरताना डाव्या वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा लागतो आणि लगेच जातो. हँडब्रेक खाली असतो. सपाटीला अजिबात लागत नाही. डब्याखाली किंचित ओलसर आहे, पण तसं तर पावसात सगळंच ओलं.

उत्तर : कोकणात पावसाळ्यात सगळंच ओलं हे मान्य! पण दिवा खोटं बोलत नाहीये. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. डब्यात तरंगणारा फ्लोट असतो, पातळी मिनच्या आसपास आली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो, सरळ झालं की विझतो. म्हणजे पातळी काठावर आहे. लगेच बाटली आणून ओतू नका, आधी पुढची चाकं काढून पॅड किती उरलेत बघा. पॅड संपत आले असतील तर नवीन टाकल्यावर पातळी आपोआप वर येईल. पॅड जाड असतील तर ती किंचित ओल किंचित नाहीये, पहिल्या पत्रातली पावडरची तपासणी करा.

तुमच्या बाबतीत मला दुसरीच काळजी जास्त वाटते. हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. झाकणाचं रबर नीट बसत नसेल, डब्याची मान ओली असेल तर कोकणातली दमट हवा आत जात राहते. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपरजवळ ऑइल तापतं, पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते त्यामुळे पॅडल एकदम पोकळ, थेट खाली. ऑइल गार झालं की ब्रेक परत नॉर्मल, म्हणून गॅरेजात नेल्यावर काही सापडत नाही आणि ड्रायव्हरलाच ऐकून घ्यावं लागतं. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला सांगतात, कोकणात राहणाऱ्यांनी तरी ते पाळावं, गाडी फिरली नसली तरी. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीच्या ड्रायव्हरांकडून शिकण्यासारखं आहे.

प्रश्न (पुणे) : ३५० सीसीची बाइक आहे. हँडलवर उजव्या हाताशी जो छोटा डबा असतो त्याच्या झाकणाखालून ओल येते आणि थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडून रंग गेला, वीतभर पट्टा. रंगाचा खर्च ब्रेकपेक्षा जास्त येणार. आता काय करू?

उत्तर : रंगाचं आता पेंटरच बघेल, पण पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा, ब्रेक ऑइल सांडलं की पुसत बसायचं नाही, लगेच भरपूर पाणी ओतायचं. पाण्यात विरघळतं त्याचा एवढा तरी फायदा घ्या. पुसलं की ते पसरतं.

झाकणाखाली एक घड्या असलेलं रबर असतं. पातळी खाली जाते तशी ती घडी उलगडत खाली जाते, म्हणजे हवा ऑइलला लागत नाही. कोणीतरी झाकण उघडून ती घडी उलगडलेली तशीच ठेवून वरून झाकण दाबलं की जास्तीचं ऑइल कडेने बाहेर येतं आणि रबराची कडही दुमडते. रबर काढून कोरडं पुसून घडी नीट घालून परत बसवा, कड कापली गेली असेल तर नवीन घ्या. आणि मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा, त्या दोन स्क्रूंची डोकी इतकी मऊ असतात की एकदा घासली की ड्रिल मारायची वेळ येते. उघडायच्या आधी टाकीवर जाड ओलं फडकं टाका.

ओल झाकणाऐवजी लिव्हरच्या मुळाशी असेल तर पिस्टनचं सील, किट टाका. पाइप जिथे बोल्टने जोडलाय तिथे असेल तर त्या बोल्टच्या दोन्ही बाजूंची वॉशर बदला, ती चपटी होऊन बसतात म्हणून परत परत वापरायची नसतात. सर्व्हिस स्टेशनला प्रेशरने धुताना त्या डब्यावर पाण्याचा फवारा मारू देऊ नका, मारतातच.

प्रश्न (सातारा) : आमच्याकडे आजोबांची जुनी पेट्रोल जीप आहे, शेतावर आणि वर्षातून एकदा वाईला जत्रेला. मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली आहे, त्याच्यावरचं झाकण कायम ओलं आणि मातीने माखलेलं. मित्र म्हणतो डॉट ५ टाक, ते रंग खात नाही आणि पाणीही घेत नाही. टाकू का?

उत्तर : जीपचा फोटो पाठवलात त्याबद्दल आभार, सुंदर ठेवलीय. टाकू नका.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं. रंग खात नाही हे खरं, पाणी शोषत नाही हेही खरं, पण मग आत शिरलेलं पाणी जातं कुठे? मिसळत नाही म्हणून ते सगळ्यात खालच्या जागी साठतं आणि तिथे लोखंडाला गंज चढतो. शिवाय आत्ताच्या ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही, टाकायचंच तर पूर्ण सिस्टिम कोरडी करून सगळी रबरं नवीन. दुकानात नावाने गोंधळ होतो म्हणून सांगतो, डॉट ५.१ हे वेगळं, ते ग्लायकॉलचंच असतं.

तुमचं झाकण म्हणजे स्क्रूचं बूच, त्याखाली वॉशर आणि बुचाला हवेचं छिद्र. छिद्र मातीने बुजलं की ऑइल वॉशरच्या कडेने वाट काढतं. छिद्र तारेने साफ करा, वॉशर नवीन, आणि काठोकाठ भरू नका, बोटभर कमी ठेवा. बूच उघडायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, एक चिमूट माती आत पडली की सीलवर ओरखडे. मात्र एवढ्यावर थांबू नका, खालून आडवं होऊन सिलिंडरच्या मागच्या रबरी टोपीजवळ बघा. अशा जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच असते, पहिल्या पत्रात सांगितलेली दुसरी शिल्लक लाइन हा प्रकारच नाही. कुठेही एका ठिकाणी पूर्ण गळालं की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले, मग फक्त हँडब्रेक. म्हणून जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी नाही, निदान महिनाभर आधी हे काम काढा, कारण पार्ट शोधायला वेळ जातो.

प्रश्न (नागपूर) : घरात तिघं गाडी चालवतात. पातळी कमी दिसली म्हणून भावाने पॉवर स्टिअरिंगचं ऑइल होतं ते ब्रेकच्या डब्यात टाकलं, साधारण कपभर. आता झाकणाचं रबर फुगून बसतच नाही आणि डब्याखाली ओल यायला लागलीय. डबा साफ करून परत बरोबर ऑइल भरलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, आणि या अंकातलं सगळ्यात गंभीर पत्र हेच आहे. गाडी चालवू नका, पॅडलसुद्धा दाबू नका, टोईंग करून न्या.

ब्रेकमधली रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात, पण खनिज तेल लागलं की, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं, इंजिनचं, पेट्रोल-डिझेल काहीही, ती फुगतात आणि मऊ पडतात. तुम्हाला झाकणाचं रबर फुगलेलं दिसलं कारण ते डोळ्यासमोर आहे. डब्याखालची दोन रबरं फुगली म्हणून ओल आली. हेच आत मास्टर सिलिंडरच्या सीलला, कॅलिपरच्या सीलला, मागच्या व्हील सिलिंडरला, रबरी होजला होतंय. फुगलेलं सील परत येताना अडकतं, ऑइल डब्यात परत जायचं छोटं छिद्र झाकून टाकतं, ब्रेक सुटत नाहीत, चाक तापतं, आणि नंतर गळती.

पॅडल किती वेळा दाबलं गेलं यावर खर्च ठरेल. टाकल्यापासून कोणी पॅडलला पायच लावला नसता तर डबा काढून धुऊन कदाचित भागलं असतं, पण रबर फुगेपर्यंत गाडी फिरलीय म्हणजे ते आत पोहोचलंय. सगळं ऑइल काढून, लाइनी धुऊन, सिलिंडर, कॅलिपरची सीलं, होज, सगळी रबराची मंडळी बदलायची. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या युनिटमध्येही रबर आहे, ते सुटं मिळत नाही, आणि तिथे बिल मोठं होतं. गॅरेजवाल्याला काय टाकलं होतं ते स्पष्ट सांगा, लाजेखातर लपवू नका, नाहीतर तो एक मास्टर सिलिंडर बदलेल आणि नवीन सीलही फुगतील. भावाला फार बोलू नका, दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात आणि झाकणावरची अक्षरं काळी पडलेली असतात.

यावरून अजून एक, गळती पुसायला गॅरेजातली पोरं डिझेलचं फडकं वापरतात. डब्याजवळ ते येऊ देऊ नका. ब्रेक क्लीनरचा स्प्रे किंवा नुसतं स्वच्छ कोरडं फडकं.

प्रश्न (पणजी) : टॉपअप करून अर्धी बाटली उरली. कपाटात आहे, मागच्या वर्षीची. वापरू का?

उत्तर : नको. एकदा सील फुटलं की बाटलीतही हवा आणि ओल जाते, गोव्यात तर जास्तच. पुढच्या वेळी लहान बाटली घ्या, आणि ही उरलेली गॅरेजात जुनं ऑइल जमा करतात त्या ड्रमजवळ नेऊन द्या, त्यांना ब्रेक ऑइल आहे असं सांगून, म्हणजे ते वेगळं ठेवतील. बेसिनमध्ये ओतू नका.